सुभेदाराचं पाणी

क्रांती : ...ते राहू दे मामा, मोटर चालू आहे का एवढंच सांगा. बारीक घुर्र आवाज येतो बघा, तो येतोय का?

ज्ञानू : येतोय की. थांब, फोन जवळ न्हेतो. ऐकलंस?

क्रांती : हा आवाज फ्रीजचा आहे.

ज्ञानू : मंग दोनी मिळून येत आसतील. आगं पोरी, नवव्या महिन्यात सासऱ्याची परेड घ्यायला फोन करतीस व्हय? म्हायेरला गेलीयास, पाय वर करून पड. मांजर पानी पितंय म्हंजी पितंय. तू सांगलीत बसून त्येची काळजी करू नगोस.

क्रांती : पडलेलीच आहे. बीपी वाढलं म्हणून परवापासून उठूच देत नाहीत. पडल्या पडल्या हेच डोक्यात येतं. मांजराच्या पाण्याच्या कारंज्याला पुढं काच आहे, तिच्यावर आडवी रेघ आहे. पाणी कुठवर आहे?

ज्ञानू : रेघंच्या वर.

क्रांती : आणि काल?

ज्ञानू : काल... रेघंच्या वर.

क्रांती : म्हणजे कमीच झालं नाही?

ज्ञानू : मदी मी भरलं आसंल की. ड्युटी म्हंजी ड्युटी. चोवीस वरसं फौजंत काडून मी हवालदार म्हनून रिटायर झालो, आन तुज्या नवऱ्यानं मांजराचं नाव ठिवलं सुभेदार. त्येला सांबाळाय मी गाव सोडून हितं मलकापुरात फ्ल्याटवर येऊन ऱ्हायलो. रोज सकाळी मांजराला सलाम ठोकतोय.

क्रांती : मामा, हसवू नका. फ्रीजवर मी कागद लावलाय, त्यातलं एकेक विचारते. दर चार दिवसांनी कारंजं सुटं करून धुवायचं. धुतलं?

ज्ञानू : धुतलं.

क्रांती : मोटरीच्या भिंगरीत केस अडकतात ते?

ज्ञानू : दात घासायच्या जुन्या ब्रशानं काडलं. केवडी लोकर निगाली! माज्या डोस्क्यावर न्हाईत एवडं केस.

क्रांती : साबण नाही ना लावला?

ज्ञानू : न्हाई गं. कोमट पानी फकस्त. लिवलंयस तसं.

क्रांती : बरं. आता फिल्टर. महिन्याला एक चकती. मी इकडं येऊन सात आठवडे झाले. तीन चकत्यांचे नऊशे पाकिटात ठेवलेत आणि पाकिटावरच दुकानदाराचा नंबर आहे. फोन केला की घरी आणून देतो. केलात ना फोन?

ज्ञानू : पाकीट हाय जाग्यावर.

क्रांती : आणि पैसे?

ज्ञानू : ते बी हायत. नऊशेच्या नऊशे.

क्रांती : मामा!

ज्ञानू : आगं, तीनशे रुपयं एका चकतीला! तळहाताएवडा कापूस, आत चिमटभर काळी भुकटी. कोळसाच की त्यो. मी नळाखाली खळखळून धुतली, ग्यालरीत उनात वाळवली, परत बसवली. फर्स्ट क्लास दिसत हुती.

क्रांती : दिसायला दिसते हो. आतल्या कोळशाचा दम संपलेला असतो. म्हणून तर मी दरवर्षी दिवाळीआधी बारा चकत्यांचे छत्तीसशे बाजूला काढते. घरात बाकी काटकसर कुठंही करा म्हटलं होतं, इथं नको.

ज्ञानू : म्हाईत हाय मला. दोन वरसं साडी घेतली न्हाईस तू, ते बी म्हाईत हाय. म्हनून तर वाचवाय गेलो. घरात पाळना येनार. म्हनलं नऊशे ऱ्हायलं तर तुज्याच हातात परत दीन.

क्रांती : मग सात आठवडे तीच चकती आत आहे?

ज्ञानू : न्हाई, ती आता न्हाई. सोमवारी धुताना फाटली.

क्रांती : आज गुरुवार. तीन दिवस आत काय आहे?

ज्ञानू : त्येचं काय झालं, बिल्डिंगची टाकी धुतली ह्या लोकांनी. तवापास्नं नळाला च्यावानी तांबडं पानी यायलंय. तसलं पानी मुक्या जनावराला द्याय मन हुईना.

क्रांती : चकतीच्या जागी काय घातलंय मामा?

ज्ञानू : तुरटी.

क्रांती : काय?

ज्ञानू : तुरटी गं. फडक्यात बांदून बरूबर खोबनीत बसवली. गावाकडं हिरीचं पानी गढूळ झालं की फिल्टर आनाय कोन जातंय? घागरीत तुरटी फिरवायची. गाळ तळाला, वर पानी आरश्यावानी. तुला सांगतो, एवडं नितळ पानी त्या कारंज्यात कवाच न्हवतं.

क्रांती : घागरीत दोन गिरक्या देऊन तुरटी बाहेर काढतात. तुम्ही ती आतच ठेवलीत? मोटर चालू असताना? केवढी आहे?

ज्ञानू : लिंबाएवडी आसंल.

क्रांती : मामा, तेच ते पाणी तीन दिवस त्या तुरटीवरून फिरतंय. चाखून बघा.

ज्ञानू : आता?

क्रांती : आत्ताच्या आत्ता. बोट बुडवून जिभेला लावा.

ज्ञानू : बरं. ...आक् थू!

क्रांती : काय झालं?

ज्ञानू : जीब आखडली. कच्ची सुपारी चावल्यावानी.

क्रांती : तो पीत नाहीये. म्हणून पाणी रेघेखाली जात नाही. मामा, ट्रेमधल्या मातीचे गोळे होतात बघा लघवीनं, रोज सकाळी तुम्ही काढता. किती निघतात?

ज्ञानू : निगत्यात की.

क्रांती : किती?

ज्ञानू : दोन.

क्रांती : आज सकाळी दोन निघाले?

ज्ञानू : व्हय. म्हंजी... एक आसंल.

क्रांती : तुमच्या पाया पडते मामा, खरं सांगा.

ज्ञानू : पाया नगो पडू पोरी, आसल्या दिसांत. ...आज न्हाई निगाला. काल बी न्हाई. मंगळवारी एक हुता, बोराएवडा.

क्रांती : काल सकाळपासून एकदाही नाही?

ज्ञानू : बसतोय गं! लय येळा बसतोय. माती उकरतोय, बसतोय, वरडतोय, उटतोय. मला वाटलं पोट गच्च झालंय. म्हनून सकाळी एरंडेल काडलं चमच्यात.

क्रांती : पाजलंत?

ज्ञानू : न्हाई, न्हाई पाजलं. चमचा बगून पलंगाखाली गेला. तवापास्नं तितंच हाय. हाक मारली तर कान बी हलवंना.

क्रांती : देवा. मामा, शांतपणे ऐका. त्याला गेल्या वर्षी हेच झालं होतं. बोक्यांच्या लघवीच्या वाटेत खडे बसतात. भरपूर पाणी पोटात गेलं तर ते धुऊन निघतात. हा वाटीतल्या पाण्याला तोंड लावत नाही, वाहतं दिसलं तरच पितो. म्हणून ते कारंजं आणलं, हौस म्हणून नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या, एक दिवस लघवी तुंबली की अंगात विष चढतं आणि दुसऱ्या दिवशी काळीज बंद पडतं.

ज्ञानू : दुसऱ्या दिवशी म्हंजी...

क्रांती : म्हणजे आज.

ज्ञानू : मला ह्ये कुनी सांगितलं न्हाई पोरी.

क्रांती : कागदाच्या तळाला लाल पेननं लिहिलंय.

ज्ञानू : मी वरची ड्युटी वाचली. खालचं म्हनलं दुकानाचा पत्ता बित्ता आसंल. चष्मा बी न्हवता. देवाशपत सांगतो, वाचलंच न्हाई.

क्रांती : आता ते राहू दे. उठा. त्याला पलंगाखालून काढा. पोटाला दाब द्यायचा नाही, अजिबात. मागून आणि छातीखालून धरा. डोळे उघडे आहेत का?

ज्ञानू : थांब, ब्याटरीचा उजेड पाडतो. ...हायत उगडं. माज्याकडंच बगतोय.

क्रांती : त्याची न्यायची पेटी माळ्यावर आहे.

ज्ञानू : माळ्यावर चडाय आता येळ न्हाई. माजी किटब्याग हाय खाली. चेन उगडी ठिवतो, डोस्कं भाईर. ये रं गड्या. ये रं बाबा. आस्सं. ...क्रांती.

क्रांती : काय?

ज्ञानू : बोचकारलं न्हाई गं त्यानं. रोज हात लावला की रगात काडतोय माजं. आज काईच करंना.

क्रांती : तेच वाईट आहे.

ज्ञानू : रडू नगोस. तुजं बीपी वाडंल. मी निगालो, ही बग चप्पल घातली.

क्रांती : मला भीती वाटते मामा. पहिल्या वेळचं पोटातलं गेलं तेव्हा त्या फ्लॅटवर मी एकटी होते. ह्यांना दीड महिना रजा मिळाली नाही. मी उठायची नाही, जेवायची नाही, आणि हा माझ्या पोटावर येऊन पडायचा. ह्या वेळी सगळं सुरळीत चाललंय, रोज वाटतं आता काहीतरी होणार. आणि हे झालं.

ज्ञानू : ह्येचा त्येचा संबंद लावू नगोस. आगदी लावू नगोस. चुकी माजी हाय, तुज्या पोराची न्हाई. ऐकतीस न्हवं?

क्रांती : ऐकतेय.

ज्ञानू : खाली शिवतेजची रिक्षा हुबी हाय. आरं शिवतेज, चालू कर रं! कुटं जायचं गं?

क्रांती : त्याला सांगा, प्राण्यांचा दवाखाना, तो ओळखतो. डॉक्टर अश्लेषा. मी त्यांना फोन करून ठेवते. आणि मामा, त्यांना सगळं सांगा. तुरटी, काल सकाळ, सगळं.

ज्ञानू : सांगतो की.

क्रांती : मला सांगितलंत तसं नको. आधी दोन, मग एक, मग काही नाही, असं नको. तिथं एवढा वेळ नसतो. आणि मलाही आता खरंच सांगा, काहीही झालं तरी.

ज्ञानू : खरं सांगीन. ठिव आता.

(मलकापूर. प्राण्यांचा दवाखाना. दुपारचे साडेबारा.)

डॉ. अश्लेषा : आजोबा, बॅग सोडा ना. मला त्याला बाहेर काढू द्या.

ज्ञानू : आदी मी काय केलंय ते ऐका म्याडम.

डॉ. अश्लेषा : तुमच्या सूनबाईंनी फोनवर सांगितलंय.

ज्ञानू : ती सांगताना मला झाकून सांगनार. माज्या तोंडनं ऐका. सोमवारी कारंज्यात तुरटी घातली. मंगळवारी येवडासा गोळा निगाला. बुदवारी सकाळी कायबी न्हाई. बुदवारी दिसभर ट्रेमदी बसून वरडला. मी टीव्हीचा आवाज वाडवला.

डॉ. अश्लेषा : बरं. आता त्याला इथं ठेवा. राणी, वजन बघ आणि दोन्ही पाय धर. ...अरे बापरे.

ज्ञानू : काय वो?

डॉ. अश्लेषा : मूत्राशय दगडासारखं लागतंय. मोसंबीएवढं फुगलंय. एक मिनिट, बोलू नका, ठोके ऐकते.

ज्ञानू : हाय न्हवं?

डॉ. अश्लेषा : आहे. पण फार मंद. मांजराचे ठोके मोजता मोजता आपली धांदल उडते. याचे मी सावकाश मोजतेय.

ज्ञानू : तुरटीचं ईख चडलं का?

डॉ. अश्लेषा : तुरटीचं नाही. पाणी तुरट लागलं म्हणून तो प्यायला नाही. आत कण होतेच, ते वाटेत जाऊन घट्ट बसले. आता लघवीतली घाण रक्तात चढलीय.

ज्ञानू : म्हंजी माज्यामुळंच.

डॉ. अश्लेषा : ते आत्ता ठरवायचं नाही. आधी हृदयासाठी इंजेक्शन देते, मग थोडी भूल देऊन नळी घालायची. सरळ सांगते आजोबा, हृदय थकलेलं आहे, भुलीतच जाऊ शकतो. आणि नळी घातली नाही तर संध्याकाळ बघणार नाही. सही लागेल. मालक कोण?

ज्ञानू : माजा पोरगा, जयराज. फौजंत हाय, बार्डरवरच्या पोस्टवर. तितं फोन लागत न्हाई, रविवारी त्योच करतो. केला की पयला सवाल ह्योच, सुभेदार कसा हाय. बाप कसा हाय ह्ये मागनं.

डॉ. अश्लेषा : मग सूनबाईंना विचारून घेऊ का?

ज्ञानू : तिला नगा इच्यारू. ऱ्हातोय का जातोय ह्येचा हुकूम तिच्याकडनं नगो. आज न्हाई. मी करतो सही. काय वाकडं झालंच तर खाली माजं नाव आसूंदे.

डॉ. अश्लेषा : इथं करा. सावकाश.

ज्ञानू : ह्ये माजं नाव. ...घ्या. म्याडम, त्येला जरा हळू. कानाच्या मागं खाजवलं की गप पडतोय.

डॉ. अश्लेषा : राणी खाजवेल. तुम्ही बाहेर बाकावर बसा.

(बाहेरचा बाक. क्रांतीचा फोन.)

क्रांती : मामा? किती वेळ लावला फोन उचलायला!

ज्ञानू : दारात हुबा हुतो. आत न्हेलाय, दार लावलंय.

क्रांती : काय म्हणाल्या?

ज्ञानू : नळी घालायची म्हनाल्या. काळीज मंद झालंय.

क्रांती : आणि?

ज्ञानू : भुलीतच जाईल बी म्हनाल्या. ...खरं सांगा म्हनलीस म्हनून सांगतोय गं.

क्रांती : हो. सांगितलंत ते बरं केलंत.

ज्ञानू : आई हाय का जवळ? तिचा हात धर.

क्रांती : धरलाय. पोटात पण सारखी हालचाल चाललीय, त्याला कळलंय जणू. तुमच्याजवळ कोण आहे मामा?

ज्ञानू : माज्याजवळ किटब्याग हाय.

क्रांती : शिवतेजला थांबवून घ्यायचं की.

ज्ञानू : त्येचं भाडं बुडंल. आगं, हितं बसून मी त्या दुकानदाराला फोन लावला. म्हनलं, चकत्या आन. त्यो म्हनला, तीन का? म्हनलं, न्हाई, वरसाच्या बारा आन. एकदम.

क्रांती : आत्ता कशाला मामा? आता...

ज्ञानू : तेच म्हनतोय मी. आता मागवल्यात तर लागतील न्हवं? घरात आल्या की लागतील. छत्तीसशे माज्या पेन्शनीतनं. तुजं पाकीट तसंच ऱ्हाऊंदे.

क्रांती : मामा, तो नसला तर त्या चकत्या...

ज्ञानू : तसलं बोलू नगोस. दार उगडलं बग. थांब, फोन ठिवू नगोस. म्याडम?

डॉ. अश्लेषा : नळी गेली.

ज्ञानू : गेली म्हंजी?

डॉ. अश्लेषा : बसली हो, नीट बसली. दोनदा अडली, तिसऱ्यांदा आत गेली. भरपूर लघवी निघतेय. लालभडक आहे, पण निघतेय.

ज्ञानू : आन त्यो?

डॉ. अश्लेषा : आहे.

ज्ञानू : क्रांती! हाय म्हनत्यात. ऐकलंस? हाय आजून!

क्रांती : ऐकलं. फोन त्यांना द्या. मॅडम, वाचेल ना?

डॉ. अश्लेषा : खोटा धीर देत नाही. ठोके अजून वर आलेले नाहीत. आजचा दिवस आणि उद्या सकाळ गेली, तर मग मी हो म्हणेन. सलाइन चालू आहे, पिंजऱ्यात ठेवलाय. तुम्ही आता फोन ठेवा आणि झोपा. काही झालं तर मी स्वतः कळवते.

क्रांती : मामांना ओरडू नका हं, प्लीज. आणि ते सकाळपासून जेवलेले नसणार.

डॉ. अश्लेषा : ठेवा तुम्ही. ...आजोबा, ऐकलंत ना? आता मी घरी जाते, दवाखाना पाचला उघडतो. राणी इथंच आहे, ती बघेल. तुम्ही जाऊन जेवा, पडा जरा आणि पाचला या.

ज्ञानू : न्हाई.

डॉ. अश्लेषा : इथं थांबून तुम्हाला काही करता येणार नाही. त्याला शुद्धही नाही.

ज्ञानू : म्हाईत हाय.

डॉ. अश्लेषा : मग?

ज्ञानू : जयराजच्या आईची लघवी अशीच बंद झाली हुती. किडन्या गेलत्या. दोन दिस ती बोलली न्हाई, आन त्वांड सुजल्यालं दिसत हुतं तरी मी इच्यारलं न्हाई. म्हनलं हुईल बरं. मंग मोठ्या दवाखान्यात भरती केली. तितली सिस्टर म्हनली, बाबा, त्यास्नी शुद न्हाई, तुमी बसून काय करनार, घरला जावा, सकाळी या.

डॉ. अश्लेषा : आणि तुम्ही गेलात.

ज्ञानू : गेलो. म्हशीची धार काडायची हुती. धार काडली, डेरीला घातली आन पयल्या गाडीनं परत आलो. तवा तिच्या खाटंवरची चादर बदलत हुते.

डॉ. अश्लेषा : ...या आत. त्याच्या पिंजऱ्याजवळ स्टूल टाकायला सांगते. राणी, दोन घास डब्यातले आजोबांना पण दे. आणि आत फार उकडतंय, पंखा लाव.

ज्ञानू : पंखा नगो बाई. भुलीत हाय, त्येला गार लागंल.